आत काय आहे, हे हमालाला ठाऊक नसते

नऊ मीटर म्हणजे साधारण तीन मजले. तेवढ्या उंचीवरून पुठ्ठ्याचे खोके खाली टणक जमिनीवर टाकायचे. एकदा बुडावर, एकदा कुशीवर, एकदा नेमके कोपऱ्यावर. त्याआधी तासभर त्याच्यावर पाण्याचे फवारे सोडायचे, म्हणजे मुसळधार पावसात भिजल्यावर पुठ्ठा जसा लिबलिबीत होतो तसा तो झाला पाहिजे. प्लास्टिकचे खोके असेल तर उणे १८ अंशांत चोवीस तास गारठवून मग टाकायचे. एवढ्याने भागत नाही. सात किलो वजनाची, दीड इंच जाडीची पोलादी सळई एक मीटरवरून त्याच्यावर सोडायची. खोके चेपले, कोपरा फुटला, तरी चालेल. आतल्या नळीतून मात्र थेंबही बाहेर येता कामा नये.

अतिधोकादायक रोगजंतू ज्या खोक्यातून पाठवायचे, त्याची ही परीक्षा. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी जे नियम केले आहेत, त्यांत पेट्रोल, आम्ले, स्फोटके यांच्याबरोबर रोगजंतूंचाही एक वर्ग आहे : वर्ग ६.२. विमान कंपन्यांचे नियम याच मुळावरून आलेले. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, हाच पाया धरला आहे.

इतका छळ कशासाठी, असे खोक्याकडे बघून वाटू शकते. रोगजंतू हाताळणारा शास्त्रज्ञ काय हाताळतो आहे, हे जाणतो; त्याच्या अंगावर झगा असतो, हातात मोजे असतात. पण त्याच्या प्रयोगशाळेतून निघालेले पार्सल पुढे टेम्पोचालक, विमानतळावरचा लोडर, कुरिअरचा मुलगा, स्वागतकक्षातली मुलगी अशा हातांतून जाते. त्यांना आत काय आहे ते माहीत नसते आणि माहीत असण्याची अपेक्षाही करता येत नाही. वर्ग ६.२ चे सगळे नियम या माणसांसाठी लिहिले गेले आहेत, असे मानून वाचले की त्यांतले एकेक विचित्र कलम सरळ वाटू लागते.

नियम इतके कडक नव्हते तेव्हा काय घडत होते, याचे एक उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. सप्टेंबर १९७६. तेव्हाच्या झाईरमध्ये, आजच्या काँगोमध्ये, यांबुकू नावाच्या गावातल्या मिशन रुग्णालयात एक अनोळखी ताप माणसे मारत सुटला होता. आजारी पडलेल्या एका बेल्जियन जोगिणीचे रक्त किन्शासाहून बेल्जियममधल्या अँटवर्पच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत पाठवायचे ठरले. ते गेले ते एका निळ्या थर्मासमधून, प्रवासी विमानात, एका प्रवाशाच्या हातातल्या सामानात. थर्मास उघडला तेव्हा बर्फ बव्हंशी वितळलेला होता, एक नळी फुटलेली होती आणि रक्त त्या पाण्यात मिसळले होते. पीटर पिओ हा २७ वर्षांचा संशोधक आणि त्याचे सहकारी यांच्या हातांत रबरी मोजे होते. तोंडावर काही नव्हते. पीतज्वर असावा, असा त्यांचा अंदाज होता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र गांडुळासारखे लांबट विषाणू दिसले. तो इबोला होता. यांबुकूच्या त्या साथीत ३१८ जणांना लागण झाली आणि २८० दगावले. थर्मास जवळ बाळगून आलेल्या प्रवाशाला आणि त्याच्या शेजारी बसलेल्यांना आपण कशाच्या सोबतीने प्रवास केला, याची कल्पनाही नव्हती.

आज हेच रक्त पाठवायचे तर ते तीन आवरणांत जाते. पहिली नळी घट्ट फिरकीच्या झाकणाची, झाकणाभोवती पॅराफिल्मची पट्टी गुंडाळलेली. नळीभोवती कापूस किंवा शोषक कागद, आणि तोही शोभेपुरता नाही : नळी फुटली तर आतला सगळा द्रव टिपून घेईल इतका. मग दुसरी, पाणी न गळणारी डबी. तिच्या बाहेर बर्फ. मग सगळ्यांत बाहेरचे टणक खोके. नमुन्याचा फॉर्म दुसऱ्या आवरणाच्या बाहेर ठेवायचा. नळीला कागद गुंडाळून रबर लावायची आपल्याकडची जुनी सवय इथे चालत नाही. कारण नळी गळली तर भिजलेला फॉर्म हातात घेणारा कारकून असतो.

बर्फाची जागाही विचार करून ठरवलेली आहे. बर्फ वितळतो आणि वितळला की त्याने व्यापलेली जागा रिकामी होते. मग आतली डबी खोक्यात खुळखुळू लागते आणि आदळते. म्हणून बर्फ संपल्यावरही डबी जागच्या जागी राहील असा आधार आत असावा लागतो. विमानाच्या मालकक्षातला हवेचा दाब कमी होऊ शकतो, तेव्हा नळी किंवा डबी यांपैकी एकीने तरी ९५ किलोपास्कलचा दाबातला फरक सोसला पाहिजे. सैल बसलेले झाकण जमिनीवर निरुपद्रवी असते. हवेत त्यातून फवारा उडू शकतो.

ड्राय आइसची गोष्ट निराळी. तो वितळत नाही, थेट वायू होतो, आणि एक किलो ड्राय आइसमधून पाचशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. नमुना सुरक्षित राहावा म्हणून कोणी प्रामाणिकपणे ड्राय आइसचे खोके चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद केले, तर त्याने स्फोटाची तयारी करून ठेवलेली असते. म्हणून आतली डबी बंद आणि बाहेरचे खोके श्वास घेणारे, असा नियम. ड्राय आइसला स्वतःचा क्रमांक आहे, यूएन १८४५, आणि त्याचे वजन खोक्यावर लिहावे लागते. बंदिस्त मालकक्षात किती वायू साठेल याचा हिशेब विमान कंपनीला करायचा असतो.

आता सगळ्यांत गोंधळात टाकणारा भाग. रोग भयंकर म्हणून खोके भयंकर, असे गणित नाही.

नमुन्यांचे दोन गट आहेत. ज्यांच्या संपर्कात आले तर धडधाकट माणसालाही कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू येऊ शकतो, असे जंतू ‘अ’ गटात. त्यांचा क्रमांक यूएन २८१४. फक्त जनावरांना होणाऱ्या रोगांसाठी यूएन २९००. बाकीचे रोगजंतू ‘ब’ गटात, यूएन ३३७३. खरी मेख ‘अ’ गटाच्या यादीत आहे. तिच्यात क्षयाचा जंतू आहे, पण त्याच्यापुढे ‘फक्त वाढवलेला’ अशी अट आहे. म्हणजे क्षयरुग्णाचा बेडका ‘ब’ गटात जातो. त्याच बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवले की ती बाटली ‘अ’ गटात. डेंग्यू, पोलिओ, रेबीज यांचेही तसेच. बेडक्यात जंतू असतात, पण वाढवलेल्या बाटलीत ते कोट्यवधींच्या संख्येने एकवटलेले असतात. कोविडच्या काळात नाकातल्या स्रावाचे जे लाखो नमुने देशभर हिंडले, ते सगळे ‘ब’ गटातले होते. प्रयोगशाळेत वाढवलेला तोच विषाणू मात्र ‘अ’ गटाचे खोके मागत होता.

या यादीत एक नाव कोकणाच्या ओळखीचे आहे. माकडताप. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली, माणसे तापाने फणफणली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, त्यामागचा विषाणू शोधून काढला. गेल्या दशकात हा ताप गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडीकडे दिसला. काजूच्या बागेत गोचीड चावून आजारी पडलेल्या माणसाचे रक्त हे वाढवलेले वगैरे काही नसते. तरीही त्यात माकडतापाचा विषाणू आहे अशी शंका असेल, तर ते ‘अ’ गटात मोडते. इबोला, निपाह, काँगो ताप यांच्याच पंगतीत. एका तालुक्याच्या दवाखान्यातून त्याच दिवशी दोन नमुने निघाले, एक क्षयाचा आणि एक माकडतापाचा, तर दोन्हींची खोकी निराळी असायला हवीत. क्षयाचा बळी ठरणाऱ्यांची संख्या कितीतरी मोठी असूनही.

‘ब’ गटाच्या खोक्याची परीक्षा सौम्य आहे : १.२ मीटरवरून, म्हणजे टेबलाच्या थोड्या वरून, पडून टिकले पाहिजे. बाहेर हिऱ्याच्या आकाराचा चौकोन, त्यात ३३७३ हा आकडा. चौकोनाची बाजू किमान पाच सेंटिमीटर आणि अक्षरे किमान सहा मिलिमीटर उंच, इथपर्यंत नेमकेपणा. ‘अ’ गटाच्या खोक्यावर तीन कोयत्यांसारख्या चंद्रकोरींचे चिन्ह लागते. जैवधोक्याचे हे चिन्ह १९६६ साली अमेरिकेतल्या डाऊ केमिकल कंपनीत चार्ल्स बाल्डविन आणि सहकाऱ्यांनी तयार केले. त्यांनी अनेक आकृत्या लोकांना दाखवल्या आणि जिचा कुणालाच काही अर्थ लागत नाही, पण जी डोक्यातून जात नाही, अशी निवडली. अर्थ नंतर शिकवता येतो, हा त्यामागचा विचार.

आणि साधी साखर-कोलेस्टेरॉल तपासायला गेलेली रक्ताची नळी? तिच्यात रोगजंतू असण्याची शक्यता नगण्य असेल तर ती बहुतेक नियमांतून सुटते. तीन आवरणे मात्र तिलाही चुकत नाहीत. ही सूट शहाणपणाची आहे. प्रत्येक नळीवर चंद्रकोरी चिकटवल्या तर लोडर त्या बघायचे थांबतील, आणि खरा ‘अ’ गटाचा डबाही त्याच ढिगात दिसेनासा होईल. जास्तीची भीतीही घातकच. घाबरलेल्या विमान कंपनीने माल नाकारला की नमुना विमानतळावर कुजतो आणि रुग्णाचे निदान थांबते.

कारण हे नियम माणसांइतकेच नमुन्यालाही जपतात. पोलिओच्या पाळतीत ते फार चांगले दिसते. पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला की लकवा सुरू झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत, किमान चोवीस तासांच्या अंतराने, त्याच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे. प्रत्येक नमुना अंगठ्याएवढा. तो दोन ते आठ अंशांत ठेवून बहात्तर तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायचा. महाराष्ट्रातले असे नमुने मुंबईत परळला, हाफकिनच्या आवारातल्या एन्टेरोव्हायरस रिसर्च सेंटरकडे जात राहिले. लस खेड्याकडे जाते ती थंड साखळी. नमुना खेड्याकडून येतो, ती उलटी साखळी. तिथे डबा उघडणारा तंत्रज्ञ आधी बर्फ बघतो. बर्फ शिल्लक नसेल, नमुना गळला किंवा वाळला असेल, कागदपत्र अपुरे असेल, तर नमुना ‘पुरेसा’ धरला जात नाही. ज्या डब्यातून शौच आले, त्यातून पुन्हा लस न्यायची नाही. म्हणून त्या डब्यांवर खुणा केलेल्या असतात. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. ते प्रमाणपत्र लशीच्या दोन थेंबांच्या बळावर मिळाले असे आपण म्हणतो. पण लुळे पडलेले मूल पोलिओचे नाही, हे वर्षानुवर्षे सिद्ध केले ते एसटीच्या आणि रेल्वेच्या गर्दीतून आलेल्या या डब्यांनी.

जिवंत माल जिवंत पोहोचवण्याची ही अडचण फार जुनी. देवीची लस युरोपातून मुंबईला आणायला इंग्रजांना काही वर्षे लागली, कारण धाग्यांवर वाळवलेली लस जहाजाच्या लांब प्रवासात उन्हाने निकामी व्हायची. व्हिएन्नातल्या जाँ द कारो या डॉक्टरने शक्कल काढली. लशीत भिजवलेला कापूस त्याने दोन काचांमध्ये ठेवला, काचा बंद केल्या आणि त्या पुन्हापुन्हा वितळलेल्या मेणात बुडवून त्यांचा गोळा केला. १८०२ च्या मार्चअखेर तो गोळा बगदादला उघडला, तेव्हा लस अजून ओलसर होती. तिथून बसरा, मग समुद्रमार्गे मुंबई. वाटेत एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर ती जिवंत ठेवली गेली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. शोषक कापूस, काच, मेण : हे खोके आजच्या तपासणीत पहिल्याच पावलावर नापास होईल, पण आतला विचार ओळखीचा वाटतो. दंडावरून दंडावरची वाहतूक मात्र आजच्या नियमांत बसणे शक्य नाही. एकाच्या दंडातून दुसऱ्याला इतर रोगही मिळत.

इतके करूनही चुका होतात, आणि अलीकडच्या मोठ्या चुकांत खोके निर्दोष होते. दोष कागदावर होता.

२००४ च्या अखेरीपासून अमेरिकेतल्या एका व्यावसायिक संस्थेसाठी प्रयोगशाळांच्या कौशल्याची चाचणी घेणारे नमुना-संच जगभर पाठवले गेले. फ्लूचा कुठला विषाणू आहे ते ओळखून दाखवा, अशी ती चाचणी. १८ देशांतल्या साडेतीन हजारांहून अधिक प्रयोगशाळांत हे संच पोहोचले. २००५ च्या मार्चमध्ये कॅनडातल्या विनिपेगच्या प्रयोगशाळेने ओळखले, की संचातला विषाणू १९५७ च्या महासाथीतला, एच-टू-एन-टू जातीचा आहे. ती जात १९६८ नंतर माणसांतून नाहीशी झाली होती. म्हणजे त्यानंतर जन्मलेल्या कुणाच्याही अंगात तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्ती नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने सगळे संच नष्ट करायला सांगितले आणि पत्ता न लागलेल्या काही खोक्यांचा शोध सुरू झाला. कुणाला लागण झाली नाही.

दहा वर्षांनी, २०१५ च्या मे महिन्यात, अमेरिकेच्या युटा राज्यातल्या डगवे या लष्करी केंद्रातून अँथ्रॅक्सचे नमुने कुरिअरने पाठवले जात होते. गॅमा किरणांनी मारलेले, म्हणून निरुपद्रवी, असे समजून. मेरीलँडमधल्या एका खासगी प्रयोगशाळेने तपासले, तर त्यातले काही बीजाणू जिवंत निघाले. मग कळले, की हे वर्षानुवर्षे चालले होते आणि नमुने दक्षिण कोरियातल्या अमेरिकी तळापर्यंत गेले होते. डगवेतल्या कुणीही आवरणाचा नियम मोडला नव्हता. मेलेल्या मालाला ‘अ’ गटाचे खोके लागत नाही. माल मेला आहे, हे नीट तपासले नव्हते एवढेच.

‘अ’ गटाच्या मालासोबत पाठवणाऱ्याची सही असलेले घोषणापत्र जाते, त्यावर चोवीस तास उत्तर देणाऱ्या जाणकाराचा दूरध्वनी असतो, आणि सही करणाऱ्याला दर दोन वर्षांनी प्रशिक्षण घ्यावे लागते. प्रवासी विमानातून ‘अ’ गटाचा द्रव एका खोक्यात जास्तीत जास्त ५० मिलिलिटर नेता येतो, मालवाहू विमानातून चार लिटर. हातातल्या सामानातून नेणे बंद. १९७६ चा निळा थर्मास आज विमानतळाच्या दारावरच अडेल. घेणाऱ्याने ‘पाठवा’ म्हटल्याशिवाय माल हलवायचा नाही. शुक्रवारी संध्याकाळी पाठवू नये, हा अलिखित पण सगळ्या प्रयोगशाळा पाळतात तो नियम. सोमवारी सकाळी कोणते खोके कोणत्या गोदामात पडले असेल, सांगता येत नाही.

रस्त्यावरचे चित्र इतके रेखीव नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत धोकादायक माल नेणाऱ्या वाहनांसाठी चिन्हे, कागदपत्रे आणि चालकाचे प्रशिक्षण हे सगळे आहे, पण ते वाचताना डोळ्यांसमोर टँकर येतो, दुचाकी येत नाही. आपल्या शहरांत खासगी पॅथॉलॉजीचे नमुने बहुतांशी दुचाकीवरूनच फिरतात. सकाळी घरोघर रक्त घेणारा मुलगा दुपारपर्यंत सगळ्या नळ्या पाठीवरच्या पिशवीतून केंद्रावर नेतो. पिशवी चांगली असली, नळ्या उभ्या स्टँडमध्ये असल्या, तर ते पुरेसे सुरक्षित आहे. पण खड्ड्यात दुचाकी घसरली आणि नळी फुटली तर काय करायचे, हे त्याला शिकवलेले असते का, हा प्रश्न प्रयोगशाळांच्या मालकांना विचारून बघण्यासारखा आहे. उत्तर तसे छोटे आहे : हातमोजे घालायचे, सांडलेल्यावर शोषक कागद टाकायचा, त्यावर ब्लीचिंगचे द्रावण ओतून थोडा वेळ थांबायचे, काचा चिमट्याने उचलायच्या, केंद्राला कळवायचे. पिशवीत हे सामान ठेवायला खर्च फारसा येत नाही.

सरकारी क्षयरोग कार्यक्रमाने हे काम पोस्टमनकडेही देऊन पाहिले. २०१८ च्या सुमारास आग्रा आणि दिल्लीत बेडक्याचे नमुने टपाल खात्यामार्फत क्षय तपासणाऱ्या सीबीनॅट यंत्रापर्यंत नेण्याचा प्रयोग झाला. शंकू बुडाची फाल्कन नळी, झाकणावर पॅराफिल्म, झिपची पिशवी, जेलपॅक घातलेला डबा : कृती तीच, फक्त वाहक खाकी गणवेशातला. ज्या गावी कुरिअर जात नाही तिथे टपाल जाते, हे त्यामागचे साधे कारण.

दुसरा मार्ग म्हणजे नमुना न हलवता प्रयोगशाळाच हलवायची. केरळमध्ये निपाह आला की शेवटचे उत्तर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून यायचे, आणि कोझिकोड ते पुणे हे अंतर सुमारे हजार किलोमीटर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मुंबईच्या एका कंपनीसोबत जैवसुरक्षा स्तर तीनची फिरती प्रयोगशाळा एका मोठ्या बसमध्ये उभारली. तिचे उद्घाटन फेब्रुवारी २०२२ मध्ये नाशिकला झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये निपाह पुन्हा उगवला, तेव्हा ती कोझिकोडला गेली. नमुन्यांचा लांबचा प्रवास त्यामुळे टळतो. तपासून झालेल्या नळ्यांचा मात्र टळत नाही. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्मजीवशास्त्राचा कचरा आधी जागेवरच ऑटोक्लेव्हमधून काढायचा, मग पिवळ्या पिशवीत भरायचा, पिशवीवर बारकोड लावायचा आणि ४८ तासांच्या आत सामाईक विल्हेवाट केंद्राच्या गाडीत चढवायचा. रिकामे झालेले खोकेही निर्जंतुक केल्याशिवाय परत पाठवता येत नाही.